हेल्मेटमधली बाई

दोन वर्षांपूर्वी कुणी मला म्हणालं असतं की तुझ्या नवऱ्याला रस्ता दाखवायला यंत्र घ्यावं लागेल, तर मी त्या माणसाला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं असतं. दिल्लीतल्या आम्हा मराठी लोकांत हे रस्त्यांसाठीच प्रसिद्ध होते. कुणाची आई गाडीतून उतरणार असो की कुणाला मुलीसाठी स्थळ बघायला फरीदाबादला जायचं असो, आधी ह्यांना फोन यायचा. हे दाढी करता करता सांगायचे, स्टेशनच्या अजमेरी गेटच्या बाजूनं बाहेर पड, पहाडगंजकडे गेलास तर रिक्षावाले सोलून काढतील. लातूर, बीड, चंद्रपूरकडून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली किती पोरं नुसत्या ह्यांच्या आवाजावर विसंबून राजेंद्र नगरच्या खोल्यांपर्यंत पोचली, त्याची मोजदाद नाही. पहिल्याच आठवड्यात ज्यांना घरच्या जेवणाची आठवण यायची, त्यांना हे कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात जेवायला धाडायचे, तेही मेट्रोच्या कोणत्या दारातून वर यायचं हे सांगून.

स्वतः मात्र ह्यांनी कधी कुणाला रस्ता विचारला नाही. लग्न होऊन कराडहून मी दिल्लीत आले तेव्हा आम्हाला सरोजिनी नगरात तळमजल्यावरचं सरकारी क्वार्टर मिळालं होतं. रविवारी मोटरसायकलवर मला मागे बसवून हे दिल्ली दाखवायला काढायचे. कुठे चुकलोसं वाटलं की मी म्हणायची, अहो, त्या पानवाल्याला विचारा की. ह्यांना ते अपमानासारखं वाटायचं. विचारायचं नाही, हिंडायचं, हिंडलं की शहर आपलं होतं, असं ह्यांचं म्हणणं. हिंडायचो. एकदा कुतुबमिनारला निघालेलो आम्ही थेट गुडगावच्या शेतांत पोचलो, तेव्हा तिथे शेतं होती. पण त्यानंतर तो रस्ता हे कधी चुकले नाहीत.

ह्या सगळ्यात मी मात्र अडाणी राहिले. ज्याच्या घरात विहीर आहे तो कशाला पाण्याची वाट शिकेल? मागे बसून मी माणसं बघायची, दुकानं बघायची, कुणाच्या गच्चीवर कसल्या साड्या वाळत घातल्यात ते बघायची. पुढे काय चाललंय ते बघायला ह्यांची पाठ आड यायची, आणि मला ती पाठ पुरेशी होती. इतकी वर्षं झाली तरी मला दिल्लीतलं एकच पक्कं कळतं: हल्लीच्या आमच्या घरी जायचं तर वाटेत यमुना लागते. वास आला की समजायचं, पोचत आलो.

हल्लीचं घर म्हणजे ग्रेटर नोएडातला सतराव्या मजल्यावरचा फ्लॅट. सरोजिनी नगरानंतर आम्हाला लक्ष्मीबाई नगरात जरा मोठं क्वार्टर मिळालं, मुलगी तिथेच मोठी झाली, आणि निवृत्तीनंतर ते सोडून आम्ही नदीपलीकडे आलो. इथे सगळे टॉवर एकसारखे. सगळ्या सोसायट्यांच्या दारात तीच कारंजी आणि तीच खजुराची झाडं. त्यामुळे पहिल्यांदा हे दुसऱ्याच सोसायटीच्या फाटकात शिरले तेव्हा मी हसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणून चिडवलंही. जुनी मोटरसायकल दिल्लीच्या पंधरा वर्षांच्या नियमानं मोडीत काढावी लागली होती, नवी घेतली होती, तिच्या आरशाची सवय नाही, असं काहीसं कारण ह्यांनी दिलं. मलाही ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं.

मग एकदा हे कोथिंबीर आणायला गेले आणि दुपार उलटून गेल्यावर परत आले. पोलिसांनी रस्ता वळवला होता म्हणाले. कोथिंबीर आणली नव्हती. चेहरा असा होता की मी पुढे काही विचारलं नाही, वाढायला घेतलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत नांदेडकडच्या एका मुलाचा फोन आला. काका, स्टेशनवर उतरलोय, आता कसं येऊ? ह्यांनी फोन कानाला लावला, बराच वेळ ऐकत राहिले, आणि मग माझ्या हातात देऊन म्हणाले, तूच सांग, माझ्या तोंडाला साबण आहे. तोंडाला साबण होता हे खरं आहे. पण साबणातूनच तर ह्यांनी अख्खी दिल्ली सांगितली होती. मी त्या मुलाला म्हटलं, बाळा, कुणाला तरी विचारत ये. त्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

आमची मुलगी पुण्यात नोकरी करते. तिला मी आडून आडून सांगायला गेले, पण ताकाला जाऊन भांडं किती लपवणार? तिनं सगळं काढून घेतलं. दिल्लीत वाढलेली पोर, रागावली की अर्धी हिंदीत बोलते. "आई, सीधी बात आहे. बाबा बाइक चालवणार असतील तर ते कुठे आहेत हे मला दिसलं पाहिजे. नाहीतर चावी काढून घे त्यांच्याकडून." चावी काढून घे म्हणे. ज्या माणसानं मला हे शहर दिलं, त्याच्या खिशातून मी चावी काढून घ्यायची. मला तिचा इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. मग तिचंच बरोबर आहे म्हणून स्वतःचा राग आला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांना दोन-चार साधे प्रश्न विचारले होते आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. त्यांची गोष्ट काढली की हे म्हणायचे, आधी मशीनचं बघू. मशीन म्हणजे ते रस्ता दाखवणारं यंत्र. मुलीला तपासणी हवी होती, ह्यांना मोटरसायकल हवी होती आणि मला घरात शांतता हवी होती. तिघांच्या मधोमध ते यंत्र येऊन बसलं. ते घेतलं की सगळं ठीक होईल असं आम्ही तिघंही बोलायला लागलो. मनातून कुणाचाच विश्वास नसावा, पण तसं उघड कोण बोलणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता, फोनवर नकाशा फुकटात मिळत असताना वेगळं यंत्र कशाला, हा प्रश्न मी विचारला होता. त्यावर ह्यांनी मला पाऊण तासाचं व्याख्यान दिलं. फोनचा कॅमेरा हँडलच्या थरथरीनं खराब होतो. जूनच्या उन्हात पडदा दिसत नाही आणि तापून फोन बंद पडतो. हातमोजे घातले की बोट लागत नाही. ऐन चौकात बँकेचा फोन येतो आणि नकाशा गायब होतो. खरं यंत्र पावसात भिजलं तरी चालतं, मोटरसायकलच्याच बॅटरीवर चालतं, नेटवर्क गेलं तरी रस्ता सोडत नाही. हे सगळं ह्यांनी इतक्या सुसूत्रपणे सांगितलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असं डोकं चालणाऱ्या माणसाला काय झालं असेल, मीच वेडी, असं वाटलं. असे चांगले दिवस आले की मी ह्यांच्यावर उगीचच जास्त प्रेम करायची, दोनदा चहा करायची.

भांडण झालं ते बोलण्यावरून. ह्यांना मुकं यंत्र हवं होतं. नुसता मोठा नकाशा, बाकी मी बघून घेईन. मला बोलणारं हवं होतं, आणि मुलीच्या फोनवर ठिपका दाखवणारं. ह्यांना ते पसंत नव्हतं. म्हणाले, "घरात एक सूचना देणारी आहे, ती पुरे." मी म्हटलं, माझ्या सूचना तुम्ही ऐकल्यात कधी, हिच्या तरी ऐकाल. त्यावर हे हसले, आणि हसले म्हणजे कबूल झाले असं आमच्या घरात धरलं जातं.

पण सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला माणूस तीन कोटेशनं घेतल्याशिवाय साधा झाडूही विकत घेत नाही. करोल बागेत मोटरसायकलच्या सामानाची एक अख्खी गल्ली आहे. हे मेट्रोनं तिथे जाऊन आले. परत येऊन सांगितलं की दुकानदार आगाऊ आहे, माल दाखवण्यापेक्षा बडबड जास्त. दुकानाच्या दारात शिंगं लावलेलं हेल्मेट टांगलंय, रेड्यासारखं. आठवड्यानं दुसऱ्या दुकानात जाऊन आले. हा माणूस बरा वाटला, म्हणाले, नीट समजावून सांगतो. आणि मग आश्चर्यानं म्हणाले, "अगं, ह्याच्याही दारात शिंगांचं हेल्मेट. काय फॅशन निघालीय बघ." मीही म्हटलं, असेल बाई, हल्लीच्या पोरांचं काही सांगता येत नाही.

तिसऱ्या कोटेशनला मी बरोबर गेले. आवडलं तर तिथेच मोटरसायकलवर बसवून घ्यायचं ठरलं होतं, म्हणून आम्ही मोटरसायकलनं गेलो. थंडी ओसरत आली होती, ऊन छान होतं. हे एकदाही चुकले नाहीत. यमुनेच्या पुलावर मी ह्यांच्या जाकिटाला धरून बसले होते आणि माझ्या मनात आलं, यंत्र न घेताच परत जाऊ या, वाटेत कुठेतरी छोले खाऊ.

गल्लीत मोटरसायकल लावून हे पुढे झाले आणि एका दुकानासमोर थांबले. दारात शिंगांचं हेल्मेट टांगलेलं होतं. मी गल्लीभर नजर फिरवली. दुसऱ्या कुठल्याही दारात तसं हेल्मेट नव्हतं. तेवढ्यात दुकानदार हात जोडून बाहेर आला.

"आइए अंकल जी, आज तो आंटी जी को भी ले आए. अब तीसरी बार में तो ले ही जाइए."

हे त्याच्याकडे बघत राहिले. ओळखण्याचा प्रयत्न करताना माणूस जसा नुसता बघतो तसे. मग माझ्या कानाशी म्हणाले, प्रत्येक गिऱ्हाइकाला असंच म्हणतात हे लोक, धंद्याची पद्धत आहे. मी हो म्हटलं. तीन कोटेशनं एकाच दुकानातून घेतलेला हा सरकारी अधिकारी, ज्यानं नोकरीत दुसऱ्यांची असली कोटेशनं पकडून परत पाठवली होती, तो माझ्या शेजारी उभा होता आणि तिसऱ्यांदा पहिल्यापासून तेच प्रश्न विचारत होता. पावसात चालेल का? हातमोज्यानं चालेल का? दुकानदार भला होता. त्यानं तिसऱ्यांदा सगळी उत्तरं दिली.

आम्ही यंत्र घेतलं. दुकानातल्या मिस्त्रीनं ते हँडलवर बसवलं. त्याचा आवाज ह्यांच्या हेल्मेटच्या आत, कानाशी यायचा. आवाजासाठी भाषा निवडायची होती. मराठी नव्हती, म्हणून हिंदी बोलणारी बाई घेतली. मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटमध्येही असंच एक लावता येतं, दोघांना बाई ऐकू येते, असं दुकानदारानं मला सांगितलं. मी नको म्हटलं. मागे बसणारीचा रस्त्याशी काय संबंध?

मग दुकानदारानं घर कुठे ते विचारलं. एकदा घर घालून ठेवलं की कुठूनही एक बटण दाबायचं, बाई घरी आणून सोडते. मी पर्समध्ये सुटे पैसे शोधत होते. ह्यांनी यंत्र हातात घेतलं, बोटानं नकाशा सरकवला, मोठा केला, आणखी मोठा केला, आणि एका ठिकाणी बोट टेकवलं. दुकानदार खूश झाला.

"पता भी नहीं पूछना पड़ा. अंकल जी को तो पूरा नक्शा याद है."

मी मान वर केली. ह्यांच्या चेहऱ्यावर तो जुना, दाढी करता करता दिल्ली सांगणारा माणूस होता. मला इतका आनंद झाला की मी दुकानदाराकडून उरलेले सुटे पैसे घ्यायलाच विसरले. वाटलं, तीन कोटेशनं एकाच दुकानातून घेतली तर घेतली. नकाशा तर आहे ना डोक्यात. मुलीला फोन करून सांगितलं, बसवलं बरं का. ती म्हणाली, हो, ठिपका दिसतोय, आता टेन्शन नको घेऊ.

निघालो. हेल्मेटमधली बाई ह्यांच्याशी बोलत असणार, मला काही ऐकू येत नव्हतं. पण हे तिचं ऐकत होते. वळायच्या आधी मान किंचित कलायची आणि मग बरोबर दिवा लागायचा. मला थोडा हेवाही वाटला. गर्दीतून बाहेर पडलो, टेकाडावरची झाडी लागली, मग रुंद, रिकामे, झाडांचे रस्ते. दूतावासांचे झेंडे. मी माणसं बघत होते, भिंतींवरची बोगनवेल बघत होते. बराच वेळ गेला. यमुना काही येईना.

तरी मला शंका आली नाही. बाई वेगळ्या रस्त्यानं नेत असेल, गर्दी टाळून, ह्या यंत्रांचं तेच तर कौतुक. मग बाजाराचा गलबला ऐकू आला, कपड्यांचे ढीग, भाव करणाऱ्या पोरी, आणि मी ओळखलं, हे तर सरोजिनी. मी हसलेच. वाटलं, यंत्र घेतल्याच्या खुशीत हे मला मुद्दाम इकडे घेऊन आलेत, पूर्वी पगार झाला की आणायचे तसे. मुलीसाठी एखादा कुर्ता घ्यावा, मनात रंगही ठरवला. बाजार मागे पडला. मोटरसायकल आत वळली, आणखी एकदा वळली, आणि निळ्या पत्र्यांच्या उंच कुंपणापाशी येऊन थांबली.

पत्र्यांपलीकडे क्रेन होत्या आणि अर्धवट बांधलेले टॉवर होते. आमची जुनी क्वार्टरं केव्हाच पाडली आहेत, ते आम्ही दोघांनीही पाहिलेलं आहे. पाडली तेव्हा हेच मला बघायला घेऊन आले होते. कोपऱ्यावरचा कडुलिंब तेवढा उरला आहे. ह्यांनी मोटरसायकल त्या कडुलिंबाखाली लावली, पूर्वी लावायचे तिथेच. इंजिन बंद केलं. हेल्मेट काढून आरशाला अडकवलं.

"उतर," हे म्हणाले. "किल्ली तुझ्याकडेच आहे ना?"

मी उतरले. किल्ली माझ्याच पर्समध्ये होती, सतराव्या मजल्याची. मी पर्स उघडली आणि तशीच उभी राहिले. काय करायचं असतं अशा वेळी? हो म्हणायचं की नाही म्हणायचं? कुणी सांगितलंच नव्हतं. ओरडावंसं वाटत होतं, ह्यांच्यावर नाही, त्या भल्या दुकानदारावर, मुलीच्या ठिपक्यावर, मला नको वाटलेल्या त्या दुसऱ्या बाईवर, जी माझ्या कानात असती तर मला निदान कळलं असतं आपण कुठे निघालोय ते. हे पत्र्यांकडे बघत होते. खालपासून वरपर्यंत बघितलं, मग क्रेनकडे, मग माझ्या हातातल्या उघड्या पर्सकडे. ह्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट खाली उतरताना मला दिसली.

"ती म्हणाली, घर आलं," हे हळूच म्हणाले.

मग ह्यांनी यंत्राकडे बोट केलं.

"मशीन बेकार आहे."

"हो," मी म्हटलं. "परत करू."

ह्यांनी यंत्र हँडलवरून काढलं, बंद केलं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं, किल्लीवर. तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलीचा मेसेज होता: अरे वा, सरोजिनी! माझ्यासाठी पण काहीतरी घे. ठिपका अगदी बरोबर काम करत होता. बाईही बरोबरच होती, तिला जे घर सांगितलं तिथे तिनं आणलं होतं. चूक कुणाची म्हणून दाखवायला माझ्यापाशी काही उरलं नाही.

हे कडुलिंबाखाली मोटरसायकलला टेकून उभे राहिले. हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग माझ्याकडे बघून, लहान आवाजात, ज्या आवाजात मी ह्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं, विचारलं, "आता कसं जायचं गं?"

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला पहिल्यांदा रस्ता विचारला होता. आणि मला तो येत नव्हता. यमुना लागते, एवढंच ठाऊक होतं, पण ती कोणत्या अंगाला आहे तेही नाही. फोन हातात होता, त्यातही नकाशा असतो, पण बोटं चालेनात. समोर एक रिक्षावाला पाय पसरून बसला होता.

"थांबा," मी म्हटलं. "त्याला विचारून येते."

ह्यांनी नको म्हटलं नाही.